पहिल्या पानावरचा एक्स-रे

दादाच्या संशोधनाची वेबसाइट मी फुकटात करत होते. घरचं काम म्हटलं की माझा वेळ फुकटच, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. दादा डॉक्टर, आणि त्याचा विषय होता खाणीत दगड फोडणाऱ्यांची फुप्फुसं. साधी चार पानं, आणि पहिल्या पानावर एक मोठा एक्स-रे.

"हाच लाव," दादा म्हणाला. "यात धूळ सगळ्यात स्पष्ट दिसते."

चित्र मोठं केलं, तर खांद्याच्या हाडावर धातूची पट्टी दिसली आणि तिचा एक वाकडा स्क्रू. बाबा खाणीत पडले होते तेव्हा बसवलेली. ऑपरेशननंतर त्यांच्या उशाशी मीच बसले होते.

"दादा, हे बाबा आहेत."

"नाव कुठे दिसतंय त्यात?"

"तारीख दिसतेय ना! तीन वर्षांपूर्वीची. आणि तू त्यांना साधा दमा आहे म्हणून सांगितलंस? ते अजून रोज खाणीवर जातात!"

दादाने नजर चुकवली. "काम सोडलं की माणूस अभ्यासातून बाद होतो गं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच दारात खोकला ऐकू आला. बाबा कामावरून आले होते, भुवयांपर्यंत पांढरे. खुर्चीचा आधार घेऊन ते स्क्रीनकडे कौतुकाने बघत राहिले.

"झकास झालंय," धाप आवरत ते दादाला म्हणाले. "कोण रे हा बिचारा? त्याला सांगितलंस ना?"