डोंगरपट्ट्याची सरासरी

हवामान कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दोघी सख्ख्या बहिणी एकाच टेबलाशी समोरासमोर बसत. थोरली पावसाचं बघायची, धाकटी तापमानाचं. महिना संपला की चार दिवसांत पत्रक निघायचं: किनारपट्टीवर, पठारावर, डोंगरपट्ट्यात पाऊस सरासरीपेक्षा किती टक्के कमी, उष्मा किती अंशांनी जास्त. थोरलीनं बावीस वर्षं मान मोडून हे काम केलं होतं. धाकटी नऊ वर्षांपूर्वी आली आणि आल्या आल्या सगळ्यांची लाडकी होऊन बसली.

कार्यालयाच्या मोठ्या साहेबांना तिचं अक्षर आवडे, शिपायाला तिचं हसणं. थोरलीच्या नवऱ्यानंसुद्धा एकदा जेवताना मेहुणीच्या हुशारीचं कौतुक केलं होतं, ते थोरलीच्या घशाखाली आजवर उतरलं नव्हतं. आता विभागप्रमुख निवृत्त होत होते आणि ती खुर्ची धाकटीलाच मिळणार, असं जो तो म्हणत होता. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पत्रक छापायला जाण्याआधी ताळा व्हायचा. एकीनं आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसरीनं सरासरीच्या पुस्तिकेत बघून ‘बरोबर’ म्हणायचं आणि शेवटी सही करायची. सरासरी असते तीस वर्षांची, पण दर दहा वर्षांनी ती नव्यानं काढतात. या वेळच्या पत्रकापासून नवी पुस्तिका लागू झाली होती.

“किनारपट्टी, तापमानाची सरासरी चोवीस पूर्णांक एक,” धाकटी वाचत होती.

“बरोबर.”

“डोंगरपट्टा, चौदा पूर्णांक दोन.”

थोरलीच्या पुढ्यातल्या पुस्तिकेत चौदा पूर्णांक आठ होतं. धाकटीनं नेमकी ही ओळ जुन्या पुस्तिकेतून उतरवली होती. एक शब्द टाकला असता तर काम भागलं असतं. पण बया बोलेल तर शपथ!

“बरोबर,” ती म्हणाली आणि झोकात सही केली.

छापलेल्या पत्रकात उष्मा शून्य पूर्णांक सातऐवजी एक पूर्णांक तीन अंशांनी जास्त दिसला आणि वर्तमानपत्रांनी डोंगरपट्टा पार भाजून काढला. तिसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयातून फोन आला. साहेबांनी दोघींना आत बोलावलं.

“ताळ्याखाली सही कोणाची आहे?”

ताळ्याखाली आपलीच सही आहे, हे द्वेषाच्या भरात थोरलीच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात धाकटी पुढे झाली.

“साहेब, ताईला नका बोलू. आकडा मी चुकीचा उतरवला. तिच्या कामात बावीस वर्षांत याआधी एक चूक निघालेली नाही.”

साहेबांनी पत्रक मिटून बाजूला ठेवलं. “खरं आहे,” ते म्हणाले. “बावीस वर्षांत एकदा नजर चुकायचीच. विभागप्रमुखाच्या खुर्चीत असंच माणूस हवं.”

महिनाअखेरीला थोरली विभागप्रमुख झाली. जिन्यात धाकटीनं तिचा हात धरला.

“ताई, मनापासून आनंद झाला गं. आणि खरं सांगू? तो आकडा वाचतानाच मला शंका आली होती. उठून पुस्तिका बघणार होते. पण तू बरोबर म्हणालीस, मग कशाला बघायचं?”

थोरलीला खुर्ची मिळाली होती, बहिणीची नाचक्की झाली होती, मनात आणलं ते सगळं पदरात पडलं होतं. तरी पोटात पुन्हा तेच दुखलं. असं डोळे झाकून कुणावर विसंबणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि या पोरीला ते सहज जमत होतं. तिला त्याचाही हेवा वाटला. तिनं हळूच हात सोडवून घेतला.