दोन लांब, एक आखूड

टिल्डाने रिसीव्हर इतका दाबून धरला होता, की कानाची पाळी लाल झाली होती. दुसऱ्या हाताने ती भिंतीवरच्या फोनची लाकडी पेटी पकडून उभी होती.

"ऑस्कर, मोठ्याने बोल. काही ऐकू येत नाही."

"...डॉक्टर म्हणतात... कोपराच्या... आज दुपारच्या आत... तू सांग."

"काय सांगू? आर्नी कसा आहे?"

तारेत नुसती खरखर. ऑस्कर, तिचा नवरा, कालच्या गाडीने आर्नीला घेऊन ओमाहा शहराच्या मोठ्या इस्पितळात गेला होता. मक्याची कणसं सोलायच्या यंत्रात पोराचा हात सापडला. माणसं यंत्र थांबवायला धावली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. एकुलतं एक पोर, सोळा वर्षांचं. टिल्डाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि चुलीवर ठेवलेली कॉफी करपून गेली तरी तिला वास आला नव्हता.

आता आमची फोनची लाइन म्हणजे काय, तर कुंपणाची काटेरी तार. कंपनी इथवर खांब कशाला आणतेय? आवाज लाकडात मुरू नये म्हणून बाटल्यांच्या तुटक्या माना कुंपणाच्या खुंटांवर ठोकल्या, त्यांच्यावरून तार नेली, आणि सगळ्या शेतांना मिळून एकच लाइन झाली. घंटी कोणाचीही असो, ती सगळ्या घरांत वाजते. कोणाची ते वाजण्याच्या खुणेवरून ओळखायचं: टिल्डाची तीन आखूड. पण आपली घंटी नाही म्हणून गप्प बसून राहणारा माणूस आमच्या खोऱ्यात अजून जन्मायचाय. चोरून ऐकण्यात कोणी काही गैर मानत नाही. अडचण एवढीच, की जितके रिसीव्हर उचलले जातात तितका तारेतला जोर वाटला जातो, आणि पाहुणे वाढले की सूप पातळ व्हावं तसा आवाज पातळ होत जातो. त्या सकाळी तर अख्खं खोरं कान लावून बसलं होतं.

"हाल्वरकाका," टिल्डा म्हणाली, "तुमचा दमा ऐकू येतोय मला. फोन ठेवा."

धापेचा आवाज थबकला. "पोरी, मी आपला काळजीने..."

"ठाऊक आहे. ठेवा."

खट्.

"लिंडक्विस्टबाई, तुमची पिंजऱ्यातली कॅनरी ओरडतेय."

"मी तर हा आत्ता उचलला बघ," लिंडक्विस्टबाई म्हणाली. खट्.

मग बाकीच्यांनी आपली नावं निघायची वाट पाहिली नाही. खट्, खट्, खट्. ऑस्करचा आवाज जरा वर आला.

"टिल्डा? आहेस ना? पोरगा नाही म्हणतोय. म्हणतो, हात..."

आणि पुन्हा बुडाला.

कोणीतरी अजून होतं. टिल्डाने श्वास रोखला. पलीकडे ना धाप, ना पाखरू. फक्त एक घड्याळ. टक्, मग किंचित अडखळून पुन्हा टक्.

ते आईचं घड्याळ होतं. लहानपणी त्याच टकटकीत दोघी बहिणी एका पांघरुणात झोपायच्या. आई गेल्यावर थोरल्या सिग्नेने ते न विचारता आपल्या घरी नेलं, टिल्डा तिला चारचौघांत चोर म्हणाली, आणि तेव्हापासून एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहून त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. सिग्नेची घंटी दोन लांब, एक आखूड. टिल्डाच्या घरून ती इतक्या वर्षांत एकदाही वाजली नव्हती.

टिल्डाच्या ओठांवर जे आलं ते वाईट होतं. घड्याळाने पोट भरलं नाही, आता माझं दुःखही हवंय का? तिने ते गिळलं. आर्नी जन्मला तेव्हा ती महिनोन् महिने अंथरुणाला खिळून होती, आणि पोराला सिग्नेने छातीशी धरून वाढवलं होतं. त्याने पहिलं पाऊल टाकलं तेही सिग्नेच्याच स्वयंपाकघरात. तिला स्वतःला मूल नव्हतं.

"ताई," टिल्डा म्हणाली. "तू ठेवल्याशिवाय मला ऐकू येणार नाही गं. ठेव. मी सांगते तुला."

टक्. टक्. मग खट्.

पुढचं आम्हाला लॉटीकडून कळलं. ती टेलिफोन एक्स्चेंजवर बसून लाइनी जोडते, तिला ऐकावंच लागतं. ऑस्करचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. जखमेतलं विष वर चढत होतं. आज कोपरापासून हात काढला तर पोर वाचेल, थांबलो तर डॉक्टर कसलीच हमी देत नव्हते. आणि आर्नी म्हणत होता, थोटा होऊन मी घरी येणार नाही.

"माझ्याच्याने होत नाही," ऑस्कर म्हणाला. "तू सांग."

लॉटीला वाटलं, तारच तुटली.

"काढा म्हणावं हात," ती म्हणाली. "चिडला तर माझ्यावर चिडू दे. चिडलेला का होईना, पोरगा घरी आण."

फोन संपला. थोड्या वेळाने आमच्या सगळ्या घरांत घंटी वाजली. दोन लांब, एक आखूड.

लिंडक्विस्टबाई कणीक मळत होती. ती म्हणते, हात आपोआप पुसले गेले, पाय फोनपाशी गेले, आणि मग ती रिसीव्हर न उचलता तिथेच उभी राहिली. हाल्वरकाका उठून बाहेर गायींकडे गेले, गायींकडे काही काम नसताना. आमच्या घरी तर पेटीकडे कोणी बघेचना. घंटी पुन्हा वाजली नाही. सिग्नेने पहिल्याच वेळी उचलला असणार.

आर्नी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी घरी आला. महिनाभर आईशी बोलला नाही, मग बोलायला लागला, आणि आता एका हाताने धार काढतो.

आमच्या खोऱ्यात कोणाच्या घरी काय शिजतं आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. पण त्या सकाळी दोघी बहिणी एकमेकींशी काय बोलल्या, हे आजतागायत कोणालाही ठाऊक नाही.