आखाजीच्या दिवशीची परीक्षा

मी एक जुना गुंडाळफळा आहे. मित्रांनो, भिंतीवर बसवलेला लाकडी फळा तुम्ही रोज बघता. तो माझा थोरला भाऊ म्हणा हवं तर, पण आमचं फारसं जमत नाही. तो जन्मभर एकाच खोलीत सावलीला बसतो आणि वर रुबाब करतो. मी मात्र काखेत, सायकलवर, एस.टी.च्या टपावर, जिथं नेलं तिथं गेलो. अंगाला जरा चिरा पडल्या आहेत, पण अक्षर अजून माझ्यावर छान उमटतं. उगाच बढाई नाही मारत, खडू घेऊन या आणि बघा.

माझा जन्म धुळ्याचा. नजीरभाई नावाचे कारागीर तिथं रिक्षांचे हूड शिवत. त्यांची मुलगी हुस्नबानो कॉलेजात शिकत होती. साक्षरतेची मोहीम तेव्हा नुकती सुरू झाली होती. कॉलेजातली काही मुलं दर रविवारी खेड्यावर जाऊन बायकांना लिहायला-वाचायला शिकवणार होती. पण शिकवायचं कशावर? नजीरभाईंनी हुडाचं उरलेलं काळं रेक्झिन काढलं, त्यावर फळ्याचा रंग दिला, वर-खाली सागाच्या पट्ट्या ठोकल्या आणि टांगायला सुतळी लावली. झालो मी तयार. "ओल्या फडक्यानं पुसू नका रे, रंग जाईल," एवढंच त्यांनी बजावलं. ते कुणीही ऐकलं नाही, ते सोडा.

हुस्नबानो आणि वाल्मीक असे दोघं मला घेऊन निघत. वाल्मीक पारोळ्याकडच्या खेड्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. मुलगा कष्टाळू, पण सगळं आपल्यालाच कळतं असं समजणारा. नरडाण्याच्या अलीकडे फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि आत गावापर्यंत चालत जायचं. त्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, पण मोठ्या बायकांपैकी एकीलाही नाव लिहिता येत नव्हतं. चावडीवर पुरुष बसलेले असत. तिथं गावच्या सुना डोक्यावरचा पदर सांभाळत शिकायला कशा येणार? म्हणून वर्ग भरला पार्वताबाईंच्या खळ्यात, निंबाच्या झाडाखाली.

पार्वताबाईंना गावात सगळे अक्का म्हणत. आवाज खणखणीत आणि घरात शब्द त्यांचाच चाले. शहरातली मुलं आपल्या खळ्यात येतात, आपला चहा पितात, याचं त्यांना कौतुक होतं. शिवाय आपली सून केसर डोळ्यांसमोर राही, हेही खरंच.

या केसरबाईसाठी मी जन्मलो असं मला कधी कधी वाटतं. लहानपणी तिला दुसरीतून काढून धाकट्या भावंडांमागं लावलं होतं. ती अक्षरं अर्धवट विसरली होती, पण भूक मेली नव्हती. बाकीच्या बाया 'क' काढून दमायच्या आणि हसत सुटायच्या. ही मात्र माझ्यासमोरून हलत नसे. दुकानातून साखर आली की पुडीचा कागद आधी हिच्या हातात. थंडी सरेपर्यंत ती अडखळत का होईना, धडे वाचू लागली. एका रविवारी तिनं हुस्नबानोला हळूच विचारलं, "ताई, चौथीनी परीक्षा मी देऊ शकस का?"

अक्कांचे कान तिखट. त्या आतून बाहेर आल्या. तालुक्याचे साहेब वर्ग तपासायला येणार, हे त्यांना ठाऊक होतं. "पहिले साहेब तपासाले येई. त्यानासमोर पास व्हयनी तर पुढे शीक. नही ते बठ्ठं बंद."

बठ्ठं बंद, म्हणजे सगळंच बंद. केसरबाईनं मान डोलावली. तिला पास होण्याची काळजी नव्हती. मलाही नव्हती. साहेब समोर उभं राहून जे लिहायला सांगणार, ते तिनं माझ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं.

आणि इथंच आमचे वाल्मीकराव चुकले.

तालुक्याच्या साहेबांनी मुलांना सांगितलं होतं, बायका मोकळ्या असतील असा दिवस तुम्हीच कळवा. वाल्मीकनं क्षणभर विचार केला नाही. "आखाजी! शेतात काम नसतं, सगळ्या बाया घरी. आमच्या घरी तर आखाजीला बायकांची नुसती झुंबड असते."

"त्या बाया म्हणजे तुझ्या बहिणी ना?" हुस्नबानोनं विचारलं. "मग वहिनी कुठं असतात?"

"असतात घरातच कुठंतरी," तो म्हणाला, आणि साहेबांना दिवस कळवून मोकळा झाला.

मित्रांनो, तुम्ही खानदेशातले असाल तर आतापर्यंत कपाळावर हात मारला असेल. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लेकींचा सण. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि सांजोऱ्या खातात. गाव लेकींनी भरतं आणि सुनांनी रिकामं होतं, कारण सुनाही कुणाच्या तरी लेकीच! पण वाल्मीकचं लग्न झालेलं नव्हतं. दरवर्षी बहिणी आलेल्या दिसायच्या, त्या आनंदात वहिनी गेलेली त्याला कधी दिसलीच नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोघं गावात पोचले तर वेशीतून बैलगाड्या बाहेर निघालेल्या. कुणाचा भाऊ न्यायला आलेला, कुणाचा बाप. आमचा वर्ग डोळ्यांसमोर गाडीत बसून चालला होता. वाल्मीकचा चेहरा असा झाला की मला त्याची कीव आली, आणि हसूही. साहेबांना दिवस बदलायला सांगावा, तर ते पुढच्या गावांच्या दौऱ्यावर निघून गेले होते.

खळ्यात केसरबाईचा भाऊ, नाव आधार, बैल सोडून बसला होता. तिचं गाठोडं ओट्यावर होतं आणि ती माझ्यासमोर उभी होती. गेली तीन वर्षं तिला आखाजीला माहेर मिळालं नव्हतं. एका वर्षी बाळंतपण, एका वर्षी सासूचा पाय मोडलेला, मागच्या वर्षी भावालाच येता आलं नाही.

"वहिनी, फक्त उद्याचा दिवस थांबा," वाल्मीकनं हात जोडले. "तुम्ही गेलात तर वर्ग बंद पडेल."

"थांबस का जास ते तूच ठरव," अक्का ओट्यावरून म्हणाल्या. "मनी गोठ तुले मालूम शे."

केसरबाईनं डोळे पुसले. मग वाल्मीककडे बघून म्हणाली, "भाऊ, तुमनं लगीन व्हयेल नही ना? म्हनीसन तुमले समजनं नही. आखाजीले कोनती वहू सासरले ऱ्हास? मनी माय तीन वरीसपाईन वाट देखी ऱ्हायनी. मी जास."

आणि ती गेली. गाडीत बसल्यावर तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला राग आला नाही, पण वाईट वाटलं. फळ्यालाही वाटतं, लोक विचारत नाहीत एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खळं माणसांनी फुललं होतं, पण सगळ्या गावच्या माहेरवाशिणी, नव्या लुगड्यांतल्या. त्यांनी माझं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं. घाबरलेल्या वाल्मीकनं तेव्हा दुसरी चूक केली. "कुणीतरी या, नाव तरी लिहा," म्हणत त्यानं अक्कांच्या लेकीच्या, सुनंदाच्या हातात खडू दिला. ती त्या सकाळीच पारोळ्याकडच्या सासरहून आली होती. बिचारी माझ्यासमोर उभी राहिली. खडूचं कुठलं टोक टेकवायचं तेही तिला कळेना. एक वाकडी रेघ ओढली आणि खडू तुटला. झोक्यावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या, मागचे बापे हसले. सुनंदा तोंडाला पदर लावून घरात पळाली. अक्कांनी मान खाली घातली. त्या बाईला मान खाली घालताना मी पहिल्यांदाच बघितलं.

साहेबांनी वर्ग बंद केल्याचं सांगितलं. अक्का वाल्मीकला एवढंच म्हणाल्या, "मनी आंडेरनी फजिती कराले उन्हतात का तुम्ही?" आंडेर म्हणजे लेक. वाल्मीक इतका ओशाळला, की मला तिथंच टांगलेला विसरून हुस्नबानोच्या मागोमाग निघून गेला.

चार दिवसांनी केसरबाई परतली. अक्कांनी तिला दारातच सांगितलं, "वर्ग बंद व्हयना. आते तुनं वाचनं बी बंद." मला गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकलं. केसरबाई चुलीशी बसून भाकरी थापत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकललं.

पण माहेरवाशिणी आखाजीनंतरही काही दिवस माहेरी राहतात. सुनंदा राहिली होती. एका दुपारी तीच शिडी लावून माळ्यावर चढली, मला खाली घेऊन आली आणि सरळ भावजयीपुढं ठेवलं.

"वहिनी, माले मनं नाव शिकाड."

"बंद म्हंजे बंद!" अक्का आतून ओरडल्या.

"माय, बठ्ठा माले हासनात तवय तुनी बी मान खाले गयी ना?" सुनंदा म्हणाली. "मी जर्मभर आशीच ऱ्हासू का? माले शिकू दे."

अक्का दारात आल्या. मग सूप घेऊन शेंगा पाखडायला बसल्या. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. केसरबाईनं मला निंबाला टांगलं.

नणंद सासरी जायच्या आत 'सुनंदा' लिहायला शिकली. ती निघाली तेव्हा अक्का सुनेला म्हणाल्या, "पुढली आखाजीले ती येई, तवय पुढलं शिकाड."

"शिकाडसू," केसरबाई म्हणाली. "पन आखाजीले मी माहेरले जासू. सुनंदाताईले पंधरा रोज आगोदर बलाडा."

अशी अट त्या घरात सुनेनं कधी घातली नव्हती. अक्कांनी तिच्याकडे टक लावून बघितलं आणि "बरं" म्हणाल्या.

पण केसरबाईच्या स्वतःच्या वाचनाचं कुणी काही बोललं नाही. चौथीचं तर नाहीच. ते वर्ष मी वाईट काढलं. पावसाळा सरताना माझ्यावर बाजरी वाळत घातली, हिवाळ्यात मला कापसाच्या ढिगावर पांघरलं. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. हुस्नबानो आणि वाल्मीक एकदा येऊन माफी मागून गेले. त्यांनी मला परत नेलं नाही, हे बरं केलं.

पुढच्या आखाजीला सुनंदा ठरल्याप्रमाणे आधी आली. रोज दुपारी नणंद-भावजय माझ्यासमोर बसत. अक्का लांबूनच बघत. मग आधार बैलगाडी घेऊन आला. गाठोडं उचलताना केसरबाईला अक्कांनी विचारलं, "परत कवय येसी?"

केसरबाईनं खडू घेतला, माझ्यावर एक शब्द लिहिला आणि हसत गाडीत बसली. गाडी वळली. अक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हाक मारली.

"सुनंदा, काय लिखेल शे वं?"

सुनंदा हात पुसत आली. बोट ठेवून तिनं एकेक अक्षर जुळवलं. "सो… म… वा… र. सोमवारले येई ती, माय!"

त्या दिवशी कुणी हसलं नाही. अक्कांनी लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "सोमवारले उनी का तिले सांग, चौथीनी परीक्षाले बस म्हना. पुस्तकं मी इकत लई देसू."

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुणाला तरी शिकवायला खेड्यापाड्यावर जाल. जरूर जा. फक्त परीक्षेचा दिवस ठरवण्याआधी जिची परीक्षा आहे तिला विचारा, बाई, त्या दिवशी तू घरी असशील का? आणि तिनं फळ्यावर काही लिहून ठेवलं असेल, तर ज्याच्यासाठी लिहिलं तो ते वाचेपर्यंत पुसू नका.