मामींची जागा घ्यायला निघालेला डबा

मी एक डबा बोलतोय. मूळचा बिस्किटांचा. १९९४ साली धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या शालिग्राम सरांनी माझ्यातली बिस्किटं संपवली, पोटात वायरी भरल्या आणि मला 'फजी लॉजिक' म्हणायला सुरुवात केली.

नावाला घाबरू नका. इतर यंत्रांना फक्त हो आणि नाही कळतं. मला 'जरासं', 'बरंच' आणि 'लई'ही कळतं. आमच्या खानदेशात ही विद्या जुनीच आहे. गाव किती लांब, असं विचारलं की माणूस म्हणतो, "हाई काय, जवळच शे," आणि तुम्ही दोन तास चालता.

सरांचे मामा लोटन धुळे-चोपडा जीप चालवायचे. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालवायची त्यांना भारी खोड. एका दिवाळीत उभ्या ट्रॅक्टरवर मागून आदळले, स्टिअरिंग छातीवर बसलं, अकरा दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून मंदामामी रोज शेजारच्या सीटवर बसायच्या. "जवळ शे, देखा. आखो जवळ उनी. थांबा." म्हणजे पुढची गाडी आणखी जवळ आली, आता थांबा. स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर हसायचे.

मामींचं हेच बोलणं सरांनी वहीत उतरवलं आणि त्याचे माझे नियम केले. मला मामा-मामींसमोर डॅशबोर्डवर ठेवलं, अंतर मोजायला बंपरवर डोळा बसवला, ब्रेकला मोटर जोडली. ठरलं असं, की मी चोपड्यापर्यंत नीट काम केलं तर मामी उद्यापासून घरी. मामांनी त्या दिवशी खास दाढी केली.

निघताना मामींनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. नव्या यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून, म्हणजे माझ्याच काळजीनं. अमळनेर सोडल्यावर जीप पळायला लागली आणि ती माळ वाऱ्यानं उडून थेट माझ्या डोळ्यापुढे आली. मी हिशेब केला: लई जवळ. करकचून ब्रेक मारला. एका लिंबासाठी.

मागून लुनावर येणारा छगन दूधवाला आमच्यावर आदळला. त्याचा गुडघा फुटला, दूध रस्ताभर झालं.

मामी खाली उतरून म्हणाल्या, "डब्बाले लिंबू बी ट्रक दिसस. आन मांगे कोन देखी?" सर वही चाळत राहिले.

मला मात्र दुसरंच लागलं. ब्रेक बसला त्याच क्षणी मामींचा हात मामांच्या छातीवर आडवा गेला होता. तो नियम वहीत नव्हता.

आता मी सीटखाली पान्यांसोबत पडून असतो. वर मामी म्हणतात, "जवळ शे, देखा," आणि मामा मुकाट्यानं वेग कमी करतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण सर, एवढं ऐका. वाटलं तर माझ्यात पुन्हा बिस्किटं भरा, मामींना मात्र त्या सीटवरून उठवू नका.