रॉकेलमध्ये बुडालेले पिंपळपान

मित्रांनो, मी एक जुना रबरी ठसा आहे. सागाच्या ठोकळ्यावर चिकटवलेले सात सेंटीमीटर लांबीचे पिंपळाचे पान, एवढेच माझे शरीर. 'आहे' असे म्हणतो खरा, पण माझे एक टोक लाकडापासून सुटले आहे आणि माझ्या जवळजवळ अर्ध्या शिरा तुटून गेल्या आहेत. बुद्ध पौर्णिमेला चार दिवस उरले आहेत. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर आहे, आणि अशा उन्हाळ्यात थकलेले रबर फार काळ धीर धरत नाही. म्हणून जे सांगायचे ते आताच सांगतो.

माझा जन्म जठारपेठेतल्या एका छोट्या दुकानात झाला. दुकान किसनरावांचे. ते शिक्के बनवत. ग्रामपंचायतींचे गोल, डॉक्टरांचे लांबट, शाळांचे चौकोनी. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे छोटे तुकडे, ते उलट्या क्रमाने जुळवत. त्या खिळ्यांचा छाप एका ओलसर लगद्यावर घेत, तो वाळवून कडक करत, आणि त्यावर कच्चे रबर ठेवून दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबत. उष्णतेने रबर खाचांत उतरे. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्यात मिसळलेले गंधक त्या साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी बांधून टाके, आणि मग रबर तो आकार सोडत नसे.

काम झाले की खिळे धुवावे लागत. ते काम पंचफुलाबाईंचे, किसनरावांच्या पत्नीचे. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भगोण्यात रॉकेल घेऊन त्या खिळे बुडवत, ब्रशने घासत आणि फडक्यावर ओळीने मांडत. तीस वर्षे त्यांनी हे केले.

माझ्यासाठी मात्र खिळे लागले नाहीत. पंचफुलाबाईंचे माहेर बार्शीटाकळीजवळ. तिथल्या विहारापुढच्या पिंपळाचे एक पान त्या घेऊन आल्या होत्या. किसनरावांनी ते पाण्याच्या माठात चोवीस दिवस ठेवले. पानातला हिरवा गर कुजून सुटला आणि शिरांची नाजूक जाळी उरली. त्या जाळीचा छाप त्यांनी लगद्यावर घेतला. म्हणून माझ्यावरच्या शिरा कोणी कल्पनेने काढलेल्या नाहीत. त्या एका खऱ्या पानाच्या आहेत.

मी त्या तापलेल्या पाट्यांमधून बाहेर आलो तेव्हा शेजारचे नत्थुजी त्यांच्या पतसंस्थेचा शिक्का न्यायला आले होते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"किसनराव, हा कोन्या हापिसाचा शिक्का?"

"कोन्याच हापिसाचा नाही."

"मंग याच्यावर सही कोनाची लागंल?"

"झाडाची," किसनराव म्हणाले, आणि नत्थुजी खोकला लागेपर्यंत हसले.

पुढे संगणकावर शिक्के होऊ लागले. खिळे, दाबयंत्र, माझा साचा, सगळे भंगारात गेले. मी मात्र राहिलो, कारण किसनरावांच्या मुलीने, दीपमालाने, मला उचलून आपल्या डब्यात ठेवले. ती हाताने शुभेच्छापत्रे बनवू लागली होती.

तिची रीत मला फार आवडे. ती जवस उकळून त्याचे बुळबुळीत पाणी परातीत गाळून घेई. त्या दाट पाण्यावर रंगाचे थेंब टाकले की ते बुडत नाहीत, तरंगत पसरतात. काडीने त्यांना हलकेच ओढले की लाटा होतात. मग कागद वरून अलगद टेकवायचा आणि उचलायचा. साऱ्या लाटा कागदावर येतात. कोणतेही दोन कागद सारखे होत नाहीत. कागद वाळला की मध्यभागी मला तपकिरी शाई लावून दाबले जाई. अमरावतीला रागिणीताईंचे भेटवस्तूंचे दुकान आहे, तिथे ही पत्रे जात. धम्मचक्र प्रवर्तन दिन, चौदा एप्रिल, बुद्ध पौर्णिमा. रागिणीताई फोनवर सांगत, "दीपमाला, मले नवीन डिझाइन पाठवू नको वं. पान तेच पायजे. माहे गिऱ्हाईक शिरा मोजून घेतात."

मला अभिमान वाटे. आता त्या शिराच उरल्या नाहीत, म्हणून त्याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी किसनरावांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणेही गेले. शब्द त्यांना कळत, पण ओठांपर्यंत येत नसत. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दीपमालाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, "डाव्या हाताला रोज काम पाहिजे. त्यांना स्वतःला करावंसं वाटेल असं काम. नाहीतर हा हातही जाईल, आणि मग त्यांना उठवणं कठीण आहे."

दीपमालाने खूप प्रयत्न केले. चेंडू दिला, पत्ते दिले, मटार सोलायला दिले. किसनरावांनी ते सगळे बाजूला सारले. मग एके दिवशी तिने मला त्यांच्या डाव्या मुठीत ठेवले. त्यांनी अंगठा माझ्या कडेवरून फिरवला. बराच वेळ फिरवला. पहिला ठसा वाकडा आला, दुसरा अर्धाच उमटला. पण तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच शाईची पेटी जवळ ओढली.

तेव्हापासून रोज सकाळी ते उठून बसत. सुरुवातीला दोन पत्रे, मग दहा, मग वीस. मित्रांनो, मी त्यांच्या तळव्यात होतो, म्हणून सांगतो. त्या हातात बळ परत येत होते, आणि ते येण्याचे कारण मी होतो. एका रबराच्या तुकड्याला याहून मोठे काय हवे?

यंदाच्या पौर्णिमेसाठी रागिणीताईंनी एकशेवीस पत्रे मागितली. चाळीस झाली. मग दीपमाला अमरावतीला जाड कागद आणायला गेली आणि पंचफुलाबाईंचे माझ्याकडे लक्ष गेले. माझ्या शिरांमध्ये शाई साचून घट्ट झाली होती. ठसा जरा अंधुक येत होता. नवऱ्याचे काम चांगले व्हावे म्हणून त्यांनी माळ्यावरची जुनी बाटली काढली. तीस वर्षे हाताला जे वळण होते, तेच त्यांनी केले. भगोण्यात रॉकेल ओतले आणि मला त्यात बुडवून ठेवले. सकाळपासून दुपारचे चार वाजेपर्यंत.

शिसे रॉकेलला आत येऊ देत नाही. रबर येऊ देते. ते माझ्या साखळ्यांमध्ये शिरत गेले, शिरत गेले. गंधकाच्या गाठींमुळे मी विरघळलो नाही, पण फुगलो. प्रत्येक शीर जाड झाली, दोन शिरांमधली जागा बुजली. ठोकळ्याला मला धरून ठेवणारा डिंकही रबराचाच होता, तो पातळ होऊन सुटला. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. पंचफुलाबाई बाजूला बसून तपकिरी जवस निवडत होत्या आणि मध्येमध्ये माझ्याकडे मायेने पाहत होत्या.

दीपमाला आली ती दारातच थांबली.

"माय, काहाचा वास येऊन रायला?"

"मातीच्या तेलाचा. पाह्य ना, कसा चकचकीत केला म्या तुह्या पानाले!"

"काहून वं माय? काहून टाकलं त्याच्यात?"

"काहून म्हंजे? तीस वर्सं खिळे धुतले म्या. एक तरी अक्षर बिघडलं काय? इचार तुह्या बाबाले."

"अवं, ते शिशाचे होते! हे रबर आहे!"

पंचफुलाबाईंनी मला हातात घेतले. माझी कड त्यांच्या बोटाखाली मऊ भाकरीसारखी दबली. त्यांना कळले. तरी त्या म्हणाल्या, "मंग सांगाव नाही काय? एवढ्या बुका शिकली, अन् मायले येवढं सांगाले तोंड दुखते?"

मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

दीपमालाने त्यानंतर जे केले, त्याचाही दोष मला कोणाला द्यायचा नाही. ती घाबरली होती. तिने साबण आणि दात घासायचा ब्रश घेतला आणि मला भराभर घासले. फुगलेले रबर फार कमकुवत असते. मला सुकायला चार-पाच दिवस वाऱ्यावर ठेवले असते तर मी बराचसा पूर्ववत झालो असतो. पण ब्रशच्या केसांबरोबर माझ्या बारीक शिरा एकेक करून तुटल्या. पाण्यात तपकिरी कण वाहून गेले. ती जाळी विणायला झाडाला एक ऋतू लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव नेहमीप्रमाणे उठून बसले. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. त्यांनी मला शाईवर टेकवले आणि कागदावर दाबले. कागदावर एक डाग उमटला. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा डाग. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळे अंग माझ्यावर टाकले. मी जीव खाऊन प्रयत्न केला, पण जे माझ्याजवळ उरलेच नव्हते ते मी कुठून देणार? त्यांनी मला टेबलावर ठेवले. ढकलले नाही, फेकले नाही, नुसते ठेवले. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

ते चार दिवस उठले नाहीत. दीपमाला जुने पत्र घेऊन संगणकावर शिक्के करणाऱ्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, इतक्या बारीक रेषा यंत्रात टिकत नाहीत, मधल्या आठ-दहा जाड शिरा तेवढ्या येतील. तिने रागिणीताईंना फोन केला. पलीकडून आवाज आला, "पत्राचं सोड वं. चाळीसावर भागवीन मी. काकाले मात्र हे सांगू नको, का मागणी कमी झाली म्हणून." पंचफुलाबाई नवऱ्याचा डावा हात मांडीवर घेऊन दाबत बसत. तो हात त्यांच्या मांडीवरून घसरून खाली लोंबे, आणि त्या तो पुन्हा उचलून घेत.

पाचव्या दिवसापर्यंत रॉकेल माझ्यातून बरेच उडून गेले होते. मी आकसलो. दीपमालाने मला ठोकळ्यावर पुन्हा चिकटवले आणि एक ठसा घेतला. मधला दांडा आला, डावी बाजू आली, लांब टोक आले. उजवी बाजू मात्र कोरी. तिने बारीक टोकाचा पेन घेतला आणि किसनरावांच्या खाटेशेजारीच टेबल ओढून कोऱ्या बाजूत शिरा भरायला सुरुवात केली. एक झाले, दुसरे झाले. घाईत ती शिरा सरळ पानाच्या कडेपर्यंत नेत होती.

खाटेवरून एक आवाज आला. घशात अडकल्यासारखा. किसनराव या कुशीवर वळले होते आणि कागदाकडे पाहत होते. शिक्का बनवणारा माणूस पहिला छाप वर्तमानपत्राच्या कागदावर घेतो आणि भिंगातून तपासतो. एक मात्रा जरी हलली तरी तो शिक्का गिऱ्हाइकाला देत नाही. आयुष्यभर त्यांनी चुकीचा छाप दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

"चू..." ते म्हणाले. "चू...क."

दोन वर्षांतला तो पहिला शब्द. दीपमालाच्या हातातला पेन थांबला.

"काय चुकलं, बाबा?"

त्यांनी डावा हात पुढे केला. पेन घेतला. पहिली रेघ पानाबाहेर गेली. मग त्यांनी दाखवले. पिंपळाच्या शिरा कडेला पोहोचत नाहीत. कडेच्या थोडे अलीकडेच त्या वळतात आणि शेजारच्या शिरेला जाऊन मिळतात. एक वळण काढायला त्यांना पाच मिनिटे लागली.

पंचफुलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "पाह्य. दोन वर्सानं बोलले तुहे बाबा, अन् तेबी तुही चूक काढाले."

मित्रांनो, ही गोष्ट इथे आनंदाने संपली असती तर मला आवडले असते. पण मला मोजता येते. त्या दिवसापासून कालपर्यंत नऊ पत्रे झाली आहेत. प्रत्येक पत्रासाठी किसनराव आधी मला दाबतात, मग उरलेले पान पेनाने पूर्ण करतात. मी नसलो तर त्यांना सुरुवात करता येत नाही. काल दीपमालाने नुसता कोरा कागद पुढे ठेवून पाहिला, तर ते पेन हातात धरून माझी वाट पाहत बसले. आणि प्रत्येक दाबण्यागणिक माझे सुटलेले टोक आणखी एक केसभर सुटते आहे. डिंक धरत नाही. रबर ठिसूळ होते आहे. डावी बाजूही आता फिकट येते. मी आणखी वीस ठसे देईन, फार तर तीस. त्यानंतर काय, हे या घरात कोणालाही माहीत नाही, आणि पौर्णिमेनंतरही सकाळ होणारच आहे.

म्हणून एक विनंती करतो. कोणतीही वस्तू धुण्यापूर्वी, तापवण्यापूर्वी, घासण्यापूर्वी ती कशाची बनली आहे, हे विचारा. ज्याला माहीत असेल त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगावे. मला ज्यांनी बिघडवले त्या दोघींनी मला प्रेमानेच हाताळले होते. त्यांना बोल लावू नका. मी तुटलो तर मला जपून ठेवण्याचीही गरज नाही.

पण तुमच्यापैकी कोणी कधी जठारपेठेत या घरी गेलात, आणि मी टेबलावर दिसलो नाही, तर तेवढे एक करा. कोऱ्या कागदावर पिंपळपानाचा मधला दांडा तुम्ही काढा, चुकीचा का होईना, आणि तो कागद किसनरावांच्या डाव्या हातापुढे सरकवा.