बॅटरी जागी ठेवताना

लिंडसे ट्रेवास्किसने चाळीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तेवढ्याच वर्षांत बायकोला तोंडावर एकही गोड शब्द म्हटला नाही. मनात नव्हता असं मुळीच नाही. शब्द घशाशी यायचा, पण बाहेर पडताना 'चहा आहे का?' असा होऊन पडायचा.

म्हणून लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी त्याने रेडिओला पत्र लिहिलं. जिल्ह्याच्या छोट्याशा केंद्रावर रोज दुपारी तीन ते चार श्रोत्यांची पत्रं वाचायचे आणि मागतील ते गाणं लावायचे. केंद्रातून फोनही आला. "तीस डिसेंबरला वाचू, काळजी करू नका." काळजी एकच होती. तीस डिसेंबरला हे दोघं नेहमीप्रमाणे ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठी तंबूत असणार, आणि तिथे फोनला रेंज नाही. गाडीतला रेडिओ लावायची सोय नव्हती, कारण मागल्या वर्षी क्रिकेट ऐकता ऐकता गाडीची बॅटरी पार संपली होती आणि बायकोने, ग्लेनिसने, त्या दिवसापासून गाडीतल्या रेडिओला हात लावायची बंदी घातली होती.

लिंडसेने भंगारात काढलेल्या जुन्या गाडीतला रेडिओवाला टेप उपसला, संत्र्यांच्या लाकडी खोक्यात बसवला, दोन्ही बाजूंना स्पीकर ठोकले. मुलीने दिलेली एक उचलून न्यायची बॅटरी घरात पडून होती, तिला तो जोडला. मागच्या शेडमध्ये पूर्ण आवाजात दोन तास वाजवून पाहिला. झकास चालला.

तीस तारखेला सकाळी ग्लेनिसने चहाचा कप हातात देत विचारलं, "आज तारीख काय रे?"

"तीस," लिंडसे म्हणाला. दुपारचा बेत फुटू नये म्हणून त्याने चेहरा अगदी कोरा ठेवला.

"बरं," ग्लेनिस म्हणाली. तव्यावर अंडी मात्र आपटल्यासारखी पडली.

दोन वाजता लिंडसेने निलगिरीच्या सावलीत खोकं मांडलं आणि बटण दाबलं. बँडचा दणका उडाला.

"अरे, बारीक कर ते!" तंबूतून आवाज आला. "नदीवर आलोय आपण, जत्रेत नाही!"

त्याने आवाज बारीक केला. दहा मिनिटं बरी गेली. मग टेप गप्प. बॅटरीवरचा दिवाही गेला. बटण दाबलं की पुन्हा सुरू, पण टेप सगळं विसरलेला. आकडा थेट पहिल्या केंद्रावर, तिथे कुणीतरी घोड्यांच्या शर्यतीबद्दल घसा फाडून बोलत होता. लिंडसेने गुडघ्यांवर बसून आपलं केंद्र शोधलं, आवाज बारीक केला. दहा मिनिटांनी पुन्हा गप्प. त्याने वायरी काढल्या, पुसल्या, परत जोडल्या. पुन्हा तेच.

शेजारच्या तंबूतून थानासिस कालुदिस हे सगळं खुर्चीत बसून बघत होता. रेनमार्क गावाला त्याची संत्र्यांची बाग. पंधरा वर्षं ही दोन बिऱ्हाडं शेजारी शेजारी तंबू ठोकत होती. यंदा बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे त्याला बोलायला कुणी नव्हतं.

"वायरींना काही झालेलं नाही, लिंडसे," तो उठून येत म्हणाला. "ही बॅटरी माझ्या सासऱ्यासारखी आहे. काम दिलं तर जागी. काम कमी पडलं की म्हणते, चला, इथं आपली गरज नाही, आणि डोळे मिटते. बागेतल्या पंपाला मी अशीच लावली होती. बारीक आवाजाला ती कामच समजत नाही."

"मग मोठा लावू?"

"लाव की."

लिंडसेने तंबूकडे पाहिलं. आत पिशवीची चेन जोरात ओढल्याचा आवाज आला. "नको," तो म्हणाला. मग थानासिसला बाजूला घेऊन त्याने पत्राची गोष्ट कानात सांगितली.

थानासिसचे डोळे चमकले. "आणि सकाळपासून तू तिला काहीच बोलला नाहीस? मूर्खा! मग तिला दुसरं काहीतरी काम देऊ. बॅटरीला म्हणतोय मी."

त्याने दोरीवर अडकवलेलं ग्लेनिसचं केस वाळवायचं यंत्र आणून बॅटरीला लावलं. बॅटरीने तीन वेळा किंचाळून लाल दिवा दाखवला आणि बंद पडली. "हे जास्तच झालं," थानासिस म्हणाला, "सासऱ्याला पोतं उचलायला सांगितल्यासारखं." मग त्याने आपला गाडीतला छोटा फ्रिज फरफटत आणला. त्यात उद्याच्या रात्रीसाठी आणलेली दोन किलो कोळंबी होती. फ्रिज घरघरू लागला, बॅटरी जागी राहिली, बारीक आवाजातला टेपही चालू राहिला. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

तीन वाजता कार्यक्रम सुरू झाला. कुणा आजीबाईंच्या नव्वदीचं पत्र, कुणाच्या ट्रॅक्टरला शुभेच्छा. सव्वातीनला फ्रिजची घरघर थांबली.

"काय झालं?"

"गार झाला तो. त्याचं काम संपलं." थानासिस एक क्षण कोळंबीकडे बघत राहिला. मग त्याने मोठ्या मनाने झाकण उघडलं. "तापव त्याला!"

तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, पारा एक्केचाळीसवर. लिंडसे टोपीने फ्रिजमध्ये गरम हवा घालू लागला. घरघर पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून ग्लेनिस तंबूतून बाहेर आली आणि जागीच थांबली. दोन म्हातारे, उघडा फ्रिज, त्यात एक जण टोपीने वारा घालतोय.

"काय चाललंय?"

"कोळंबीला जरा हवा देतोय," थानासिस म्हणाला.

"कोळंबीला."

"गुदमरते ती बंद डब्यात. आमच्या ग्रीक लोकांत अशीच ठेवतात."

ग्लेनिसने नवऱ्याकडे पाहिलं. हा तरी काही बोलेल म्हणून पाहिलं. लिंडसेचे ओठ हलले. "पाणी... बरं असेल आता," तो म्हणाला.

"असेलच," ग्लेनिस म्हणाली. "निदान नदी तरी ओळख दाखवते." ती ताडताड उतारावरून खाली गेली आणि सरळ कमरेभर पाण्यात शिरून डुबक्या मारू लागली.

"आता ती ऐकणार कशी?" लिंडसेचा चेहरा उतरला.

आणि नेमकं तेव्हाच निवेदिका म्हणाली, "पुढचं पत्र आहे लिंडसे ट्रेवास्किस यांचं..."

लिंडसेने आयुष्यात एवढी चपळाई कधी केली नव्हती. त्याने आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली, खोकं उचललं, नदीकडे वळवलं आणि छातीशी धरून उभा राहिला. "ग्लेनिस!" खोकं सगळ्या नदीला ऐकू जाईल असं गरजलं. ग्लेनिस पाण्यात गर्रकन वळली. आणि त्या आवाजाने डोक्यावरच्या निलगिरीतले शे-दोनशे पांढरे काकाकुवे एकदम उडाले. त्यांनी जो कलकलाट मांडला, त्यात निवेदिकेचं सगळं बोलणं बुडालं; ओठ बघून ओळखावं, तर रेडिओवर ओठही दिसत नाहीत.

पक्षी पलीकडच्या काठावर जाऊन शांत झाले तेव्हा पत्र संपलं होतं. "तुम्ही मागितलेलं गाणं आमच्याकडे सापडलं नाही," निवेदिका सांगत होती, "तेव्हा त्याऐवजी पोलिसांच्या बँडची एक धून." आणि धून वाजू लागली.

थानासिसने धावत जाऊन आवाज कमी केला. ग्लेनिस निथळत वर आली. केस गालांना चिकटलेले. ती खोकं धरून उभ्या असलेल्या नवऱ्यासमोर येऊन थांबली.

"माझं नाव घेतलं तिने."

"हो."

"पुढे काय म्हणाली?"

"पत्र होतं. मी पाठवलेलं."

"ते कळलं. पक्ष्यांत काही ऐकू आलं नाही. काय लिहिलं होतंस?"

लिंडसेने थानासिसकडे पाहिलं. थानासिसने तोंड फिरवून कोळंबी मोजायला सुरुवात केली, पण कान इकडेच होते.

"चहा..." लिंडसे म्हणाला.

"चहा नंतर. आधी पत्र."

त्याने खोकं खाली ठेवलं. टोपी काढली, परत घातली, पुन्हा काढली. "लिहिलं होतं की... बस पहाटे सुटायची. चाळीस वर्षं तू माझ्याआधी उठलीस. मी कधी काही म्हटलं नाही." तो थांबला. "आणि लिहिलं होतं की शेवटचं मूल उतरवून गाडी घराकडे वळवली की मला बरं वाटायचं. रोज. कारण घरी तू असायचीस. एवढंच. अजून एक वाक्य होतं, ते मला आता आठवत नाही."

"आठव."

"ते बाकीच्यांसमोर नाही सांगता येणार."

"मी ऐकत नाहीये," थानासिस पाठमोराच म्हणाला.

ग्लेनिसने टॉवेलने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "सकाळी अंड्यांवर राग काढला मी."

"कळलं मला ते. खाताना."

कोळंबी उद्यापर्यंत टिकणार नव्हती, हे थानासिसने वास घेऊन जाहीर केलं. तेव्हा ती लगेच तव्यावर गेली, लिंबू आणि मिरपूड लावून. पोलिसांचा बँड अजून वाजतच होता. ग्लेनिसने ओल्या हाताने लिंडसेच्या ताटलीत सगळ्यांत मोठी कोळंबी ठेवली, आणि त्याने ती सोलून परत तिच्याच ताटलीत टाकली.