काकांच्या खोलीतली वाट

बाइंडरकाकांच्या घराला दोन दारं होती आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता. घर कोपऱ्यावरचं. पुढचं दार मोठ्या रस्त्यावर, बाजूचं गल्लीत. गल्ली पुढे वळसा घालून मोठ्या रस्त्यालाच मिळायची, पण एवढा वळसा घालतो कोण? सगळी गल्ली बाजूच्या दाराने आत शिरायची आणि पुढच्या दाराने बस थांब्यावर निघायची. ही वहिवाट काकूंनी पाडली होती. कुणा अवघडलेल्या बाईला त्यांनी एकदा "या इकडून" म्हटलं, आणि तिच्यामागून सासू, दीर, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे असे सगळे आले, ते कायमचे.

काकू जाऊन दोन वर्षं झाली तरी वाट चालूच होती. काका त्याच खोलीत पुस्तकं बांधायचे. एका बाजूला पुस्तकं दाबायचा शिकंजा, खळीचं भांडं, शिवायला काढलेली पानं. दोन्ही दारं एकदम उघडली की वारा सुटे आणि पानं उडत. जाणाराच ती गोळा करी, वर वजन ठेवी आणि "काका, जेवलात का?" विचारून पुढे जाई. काका हो म्हणत. खरंखोटं कोण बघतंय.

मग नगरपालिकेने नवा नियम काढला. ज्या रस्त्यावर घराचं दार उघडतं, त्याच्या देखभालीचा आकार घरमालकाने भरायचा, तोही भिंतीच्या लांबीवर. काकांचं घर समोरून चिंचोळं, आत मात्र लांबच लांब. गल्लीची अर्धी बाजू म्हणजे त्यांचीच भिंत. गल्लीच्या टोकाला चार मजली इमारत होती, पण गल्लीला तिचं अरुंद फाटकच काय ते लागायचं. तिला आली चिल्लर, काकांना आला डोंगर. इमारतीतल्यांच्या गाड्यांनी गल्ली उखडायची आणि ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही त्याने ती भरून द्यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

लेकीने फोनवर सोपा उपाय काढला. बाजूचं दार बुजवून टाका, बाबा, त्या बाजूचा आकारच सुटेल. गवंडीही तिनेच ठरवला. तिचं चूक नव्हतं. दोन्ही बाजूंचा आकार भरणं काकांच्या मिळकतीत बसत नव्हतं. पण दार बुजलं की दिवसभर खोलीत काका आणि पुठ्ठे, तिसरं कुणी नाही. हे लेकीला सांगावं, तर ती म्हणणार, मग माझ्याकडे या. म्हणून ते बोलले नाहीत. गवंड्याला चार दिवस थांब म्हणाले आणि हरकतीचा अर्ज देऊन आले.

निरीक्षकबाई आल्या त्या नेमक्या सकाळच्या गर्दीत. त्यांनी खोलीत टेप धरली आणि गल्ली सुरू झाली. शाळेतल्या बाई टेपखालून वाकून गेल्या. नळदुरुस्तीवाला खांद्यावरच्या पाइपसकट वरून ओलांडून गेला. शिंपीणकाकूंनी तर टेपचं टोक हातात घेतलं आणि किती वार कापड लागणार म्हणून विचारलं.

निरीक्षकबाई टेप गुंडाळत म्हणाल्या, "काका, ही खोली आहे की रस्ता?"

"तेच मी विचारतोय. रस्ता असेल तर फरशी तुम्ही बदलून द्या. खोली असेल तर या सगळ्यांना घरपट्टी लावा."

बाई हसल्या. आकार माफ करणं त्यांच्या हातात नव्हतं. पण नियमात सामाईक वाटेची सोय होती. वाट जे वापरतात त्यांनी लिहून दिलं, तर त्या बाजूचा आकार सगळ्या घरांत वाटला जातो. मात्र मग ते दार उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत कुणालाही बंद करता येत नाही. कंटाळा आला तरी नाही.

"नीट विचार करा," त्या म्हणाल्या. "घरातून वाट द्यायची म्हणजे तेवढं घर कमी होतं."

एव्हाना खोलीत बरीच मंडळी थबकली होती. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, आमचं फाटक वेगळं आहे, आम्ही का भरायचं?

"मग उद्यापासून फाटकातून निघून गल्लीनेच जा की, वळसा घालून," शिंपीणकाकू म्हणाल्या. "पोटही जरा आत जाईल."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. सेक्रेटरींनी पुढच्या दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "कुठे करायची सही, ते दाखवा लवकर."

ते सही करून पळाले. मागून बाकीच्यांनी केल्या. राहिले काका. वाट दिली तेव्हा काकूंनी त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यावरून त्यांनी कितीतरी वर्षं कुरकुर केली होती. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना विचारत होतं.

"आणा," ते म्हणाले. "पण पाय पुसून यायचं, तेवढं त्यात घाला."

त्यासाठी कागदावर जागा नव्हती. शिंपीणकाकूंनी ते काम स्वतःकडे घेतलं. गवंडी आला तसा परत गेला.

महिन्याभरात गल्लीचा सूर बदलला. खोलीतला दिवा मंद आहे, अशी सेक्रेटरींनी तक्रार केली. पुठ्ठ्यांची चळत वाटेत येते, आम्ही आता पैसे भरतो, असं शाळेतल्या बाईंनी सुनावलं. काका दोन दिवस फुगून बसले, मग मुकाट्याने चळत हलवली. रात्रीच्या फोनवर लेकीला ते याचाच पाढा वाचून दाखवत होते. भाडेकरू मालक झाले म्हणे, माझ्याच घरात मला शिस्त लावतात म्हणे. लेक म्हणाली, तरी मी सांगत होते, बाबा.

"ते राहू दे," काका म्हणाले. "ठेवतो आता. नळवाला दिवा बदलायला आलाय, त्याला स्टूल धरायचंय."